घरच्या वाइनचं फर्मेंटेशन मध्येच अडतंय? आधी नीट मोजा, यीस्ट नंतर

सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या लोडायहून द्राक्षं आणून गॅरेजमध्ये वाइन लावणारे बरेच मराठी लोक आता बे एरियात आहेत. ऑक्टोबर उजाडला की त्यांच्यातल्या कुणाचा ना कुणाचा मला फोन येतोच, आणि तक्रारही जवळजवळ ठरलेली असते. पहिले पाच-सहा दिवस टबात जोर होता, साली वर उचलून येत होत्या, फसफस ऐकू येत होती. मग एका सकाळी सगळं गप्प. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी तरंगती काचेची नळी; पाण्याला १.००० दाखवते, साखर जास्त तेवढा आकडा वर) टाकला तर १.०१५. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच. चव घेतली तर गोड. "आणखी एक यीस्टचं पाकीट टाकून बघू का?"

टाकू नका. बारा-तेरा टक्के अल्कोहोल तयार झालेल्या वाइनवर कोरडं यीस्ट भुरभुरलं, तर त्यातलं बहुतेक काम सुरू करायच्या आधीच मरतं. पैसे जातात, मेलेल्या पेशींचा गाळ वाढतो आणि मधले तीन-चार दिवस हातचे निघून जातात. त्या दिवसांत बॅक्टेरिया मात्र स्वस्थ बसत नाहीत.

या अडचणीबद्दल माझं एक ठाम मत झालं आहे. फर्मेंटेशन अडतं शेवटच्या टप्प्यात, पण त्याचं कारण बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत सापडतं. यीस्टला सुरुवातीला जे मिळालं नाही, त्याची किंमत ते शेवटची साखर संपवताना चुकवतं. म्हणून खाली उपाय तर देतोच, पण त्याआधी मागे जाऊन बघायला सांगतो.

पुढचे सगळे आकडे २० लिटर लाल वाइन धरून आहेत, तुमचा माल कमी-जास्त असेल तर त्या प्रमाणात बदला. कायद्याचंही सांगून ठेवतो. अमेरिकेत घरात दोन प्रौढ माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५० लिटर, आणि एकच असेल तर १०० गॅलन वाइन स्वतःसाठी करता येते. विकता येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी वाइन करता येत नाही. तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे समजून घेण्यासाठी वाचावं. नाशिकच्या एखाद्या वायनरीत टाकीसमोर उभं राहाल तेव्हा आत काय चाललंय ते कळेल.

खरंच अडलंय का?

एअरलॉक म्हणजे झाकणावरची पाणी भरलेली छोटी नळी, वायू बाहेर सोडते, हवा आत येऊ देत नाही. तिच्यातले बुडबुडे बघून काहीही ठरवू नका. झाकणाला बारीक फट असली तरी वायू तिथून निघून जातो आणि एअरलॉक गप्प बसतो. उलट दुपारी गॅरेज तापलं की वाइनमध्ये विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि फर्मेंटेशन संपलेलं असूनही बुडबुडे येतात.

दुसरी फसगत रिफ्रॅक्टोमीटरची. आमच्या निफाड-दिंडोरीकडे काढणीच्या दिवसांत हे ब्रिक्स मीटर, म्हणजे रसातली साखर टक्क्यांत दाखवणारं यंत्र, माणसाच्या खिशातच असतं. मणी चिरडायचा, थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरायचं. बागेत त्याला तोड नाही. पण रसात अल्कोहोल तयार व्हायला लागलं की तोच मीटर चुकीचं सांगतो, कारण अल्कोहोलही प्रकाश वाकवतं. २४ ब्रिक्सपासून सुरू झालेली आणि पूर्ण कोरडी झालेली, म्हणजे साखर संपलेली, वाइन रिफ्रॅक्टोमीटरवर आठ-नऊच्या आसपास दाखवते. बागायतदार घरातून आलेल्या माणसाचा या यंत्रावर पूर्ण विश्वास असतो, म्हणून तो हमखास इथे घाबरतो. फर्मेंटेशन सुरू झालं की हायड्रोमीटरच वापरा.

आणि तो नीट वापरा. उंच नळीत वाइन घ्या, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात चार-पाच वेळा ओता म्हणजे वायू निघून जाईल. हायड्रोमीटर आत सोडताना बोटांनी गरकन फिरवा. त्याला चिकटलेले बारीक बुडबुडे त्याला वर उचलतात, आणि एवढ्यानेही आकडा चुकतो. डोळा पातळीला आणून वाचा. तुमचा हायड्रोमीटर कोणत्या तापमानाला जुळवलेला आहे ते त्याच्या कागदी पट्टीवर छापलेलं असतं, नमुना तेवढ्या तापमानाला आणा. आकडा वहीत लिहा, शेजारी तापमान लिहा.

आता अर्थ. ०.९९६ किंवा त्याहून खाली असेल तर काम झालेलं आहे. जिभेला जो गोडवा वाटतो तो पिकलेल्या फळाचा आणि अल्कोहोलचा असतो, साखरेचा नव्हे. वाइन २० अंश सेल्सिअसच्या वर आहे, सलग तीन दिवस आकडा हललेला नाही आणि तो १.००० च्या वर आहे, तर फर्मेंटेशन अडलं असं धरा. १.०१० बघून "थोडीच राहिली आहे" असं समजू नका. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे ते आकडा खाली ओढतं. तेरा टक्क्यांच्या वाइनमध्ये १.०१० दिसतं तेव्हा लिटरमागे सुमारे ४५ ग्रॅम साखर शिल्लक असते.

ही शिल्लक साखर बहुतांशी फ्रुक्टोज असते. द्राक्षात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज साधारण निम्मे-निम्मे असतात, पण यीस्ट ग्लुकोज आधी आणि भराभर खातं. म्हणजे शेवटी थकलेल्या यीस्टसमोर त्याची नावडती साखर आणि चढलेलं अल्कोहोल दोन्ही एकदम उभी राहतात.

गॅरेजमधलं ऊन आणि थंडी

सर्वांत सोपं कारण थंडी, म्हणून ते आधी तपासा. सप्टेंबरच्या शेवटी दुपारी ३० अंश असलेलं गॅरेज ऑक्टोबरच्या मध्यात पहाटे १२ अंशांवर येतं. गार काँक्रीटवर ठेवलेला टब खालून गार होतो आणि यीस्ट तळाशी जाऊन बसतं. असं असेल तर टब फळीवर उचलून ठेवा, घोंगडी गुंडाळा, शक्य असेल तर घरात आणा. २२ ते २४ अंशांवर आणून तळचा गाळ हलक्या हाताने ढवळा आणि दोन दिवस थांबा. आकडा पुन्हा उतरायला लागला तर पुढचं काही करायची गरज नाही.

उष्णतेचं प्रकरण जास्त वाईट, कारण ते झालं तेव्हा कळत नाही. जोरात चाललेल्या लाल वाइनमध्ये सालींच्या थराखाली उष्णता कोंडते. खालचा रस २८ अंश असताना साली ३४-३५ वर असू शकतात. रसात थर्मामीटर टाकणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. त्या थरातलं यीस्ट मात्र अल्कोहोल आणि उष्णता दोन्ही सोसत असतं. ते लगेच मरत नाही, पण त्याच्या पेशींचं आवरण दुबळं होतं आणि चार दिवसांनी, अल्कोहोल बारावर पोहोचल्यावर ते हात टेकतं. थर्मामीटर सालींच्या मधोमध खुपसून बघायची सवय लावा. दिवसातून तीन वेळा साली खाली दाबा, मध्ये ३२ च्या वर गेलं तर गोठवलेल्या पाण्याच्या स्वच्छ बाटल्या टबात सोडा.

झिनफॅन्डेलची लपलेली साखर

लोडायचं नाव ज्या द्राक्षासाठी घेतलं जातं ते झिनफॅन्डेल. तेच द्राक्ष फर्मेंटेशन अडवण्यातही पुढे आहे, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा घरगुती वापराला कायद्यात पळवाट उरली होती, आणि लोडायची द्राक्षं आगगाडीने शिकागो-न्यूयॉर्कला जात. तिथले इटालियन स्थलांतरित आपल्या तळघरांत त्यांची वाइन करत. मी जेव्हा पहिल्यांदा लोडायचे जुने, गुडघ्याएवढ्या जाड बुंध्याचे, मांडवाशिवाय मोकळे वाढलेले वेल बघितले, तेव्हा या छंदाने मला धरलं ते कायमचं. मांडवावर आणि वाय पद्धतीच्या तारांवर चढवलेली थॉमसन जातीची द्राक्षं बघत मोठा झालेला माणूस मी. वेल असा एकट्याने उभा राहू शकतो हेच मला माहीत नव्हतं. हे द्राक्ष मुळात क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचं, हे २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातल्या कॅरोल मेरेडिथ आणि त्यांच्या क्रोएशियन सहकाऱ्यांनी डीएनएवरून सिद्ध केलं.

झिनफॅन्डेलचा घड एकसारखा पिकत नाही. एकाच घडात कच्चे, पिकलेले आणि सुकून मनुका होत आलेले मणी असतात. द्राक्षं चिरडली त्या दिवशी रसाची साखर २४ ब्रिक्स भरते. पण त्या सुकलेल्या मण्यांतली साखर रसात उतरायला दोन-तीन दिवस लागतात, आणि तोवर रस खरं तर २७ वर गेलेला असतो. नाशिकला काकांना फोनवर हे सांगत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "शुगर किती आली रे?" म्हटलं, "काका, सत्तावीस." पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "अरे, आम्ही अठराला माल काढतो. तू द्राक्षं काढतोस का बेदाणा?" खाण्याच्या द्राक्षावर आयुष्य काढलेल्या माणसाचा प्रश्न अगदी रास्त होता.

ब्रिक्सला ०.५५ ते ०.६ ने गुणलं की अंदाजे अल्कोहोल मिळतं. २४ चे साडेतेरा-चौदा होतात, २७ चे पंधरा-सोळा. आता तुमच्या यीस्टच्या पाकिटावर काय आहे ते वाचा. ७१बी हे फळाचा सुवास छान आणणारं, नवख्यांचं आवडतं यीस्ट साधारण १४ टक्क्यांपर्यंतच टिकतं. ईसी-१११८ हे शॅम्पेनकडचं यीस्ट १८ पर्यंत जातं. बेकरीचं यीस्ट या कामाचं नाही. २७ ब्रिक्सच्या रसात ७१बी टाकलं असेल, तर ते अडणारच होतं.

यावर उपाय आधीच करावा लागतो. द्राक्षं चिरडल्यावर चोवीस तासांनी, साली नीट ढवळून, साखर पुन्हा मोजा. २७ निघाली आणि २४.५ हवी असेल तर दर २० लिटर रसाला २ लिटर पाणी घाला. पाणी क्लोरीन नसलेलं असावं आणि त्यात लिटरमागे ६ ग्रॅम टार्टरिक आम्ल विरघळवलेलं असावं, नाहीतर वाइन बेचव होते. पाणी घालणं म्हणजे भेसळ, असं आपल्याला वाटतं, पण कॅलिफोर्नियात मोठे वाइन उत्पादकही अतिपिकल्या मालाला हे करतात. मी ते न संकोचता सुचवतो.

उपाशी यीस्ट

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त टब इथे अडतात. रसात साखर भरपूर असते म्हणून यीस्टला खायला भरपूर आहे असं आपण धरून चालतो. पण यीस्टला पेशी बांधायला नायट्रोजन लागतो, जीवनसत्त्वं लागतात आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत ऑक्सिजनही लागतो. ऑक्सिजनवर ते पेशीच्या आवरणासाठी लागणारी स्टेरॉल बनवतं, आणि तेच आवरण पुढे त्याला अल्कोहोलपासून वाचवतं. उन्हाने होरपळलेल्या, अतिपिकल्या द्राक्षात नायट्रोजन कमी असतो. घरी तो मोजणं अवघड, म्हणून कमी आहे असं समजूनच चाला.

उपाशी यीस्टची खूण वासाने कळते. सडक्या अंड्यासारखा वास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आला तर ती बहुतेक वेळा भूकच असते. द्राक्षावर काढणीच्या जवळ गंधकाची धुरळणी झाली असेल तरीही हा वास येतो, म्हणून शेतकऱ्याला शेवटची फवारणी कधी झाली ते विचारून घ्या.

खाद्य देण्याची वेळ फार महत्त्वाची आहे. यीस्ट जागं करताना गो-फर्मसारखं, नायट्रोजनची क्षारं नसलेलं खाद्य. जोर धरला की फर्मेड-के हे यीस्टचं मिश्र खाद्य लिटरमागे पाव ग्रॅम, आणि एक तृतीयांश साखर उतरल्यावर पुन्हा तेवढंच. म्हणजे २० लिटरला प्रत्येक वेळी ५ ग्रॅम. डीएपी, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट, हे पहिल्या टप्प्यातच वापरा. निम्मी साखर उतरल्यावर यीस्टला अल्कोहोलमुळे तो नायट्रोजन आत घेताच येत नाही. मग ते खाद्य वाइन बिघडवणाऱ्या जीवाणूंच्या पोटात जातं. अडलेल्या वाइनमध्ये चमचाभर डीएपी टाकणं म्हणूनच मला अजिबात पटत नाही. आणि लाल वाइनचा टब पहिले तीन दिवस हवाबंद करू नका. वर स्वच्छ पंचा बांधा, साली दाबताना रस चांगला ढवळू द्या.

आणखी काही कारणं, पटकन

दुकानातला बाटलीबंद द्राक्षरस वापरला असेल तर लेबलवर पोटॅशियम सॉर्बेट आहे का बघा. असेल तर तो रस आंबणार नाही, सोडून द्या. केएमएस, म्हणजे जीवाणूंना आळा घालणारं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, अंदाजाने टाकलं असेल तर तेही यीस्टला दाबून ठेवतं. २० लिटरला पावणेदोन ग्रॅम पुरे होतं, आणि ते टाकल्यावर यीस्टसाठी एक दिवस थांबायचं. केएमएस चिमटीने मोजू नका, छोटा डिजिटल काटा घ्या.

वाइनला व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा झोंबणारा वास येत असेल तर जीवाणूंनी ताबा घेतलेला आहे. त्यांनी तयार केलेलं ॲसेटिक आम्ल यीस्टला आणखी मारतं. वास पुसट असेल तर पुढची कृती लगेच सुरू करा. नाक मागे घ्यावं लागत असेल तर ती वाइन वाचवण्यात वेळ घालवू नका, आणि चांगल्या वाइनमध्ये मिसळू तर मुळीच नका.

पुन्हा सुरू करायचं कसं

तत्त्व एवढंच, की यीस्ट वाइनमध्ये टाकायचं नाही, वाइन यीस्टमध्ये थोडी थोडी घालायची. दुधाच्या पातेल्यात विरजण घालतो त्याच्या बरोबर उलट.

आदल्या दिवशी वाइन गाळावरून उतरवून स्वच्छ कारबॉयमध्ये, म्हणजे अरुंद गळ्याच्या मोठ्या बाटलीत, घ्या. साली असतील तर पिळून काढा. अर्धा ते पाऊण ग्रॅम केएमएस टाका, म्हणजे जीवाणूंना आळा बसेल आणि यीस्टला त्रास होणार नाही. जमलं तर यीस्टची वाळवलेली टरफलं ५ ग्रॅम घाला, ढवळा, एक-दोन दिवस बसू द्या आणि वाइन त्यांच्यावरून उतरवून घ्या. थकलेलं यीस्ट काही मेदाम्लं बाहेर टाकतं आणि ती नव्या यीस्टला विषारी ठरतात. ही टरफलं ती मेदाम्लं ओढून घेतात. हे बोर्दोच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं. माझ्या मते अडलेल्या वाइनसाठी याहून उपयोगी पुडी दुकानात दुसरी नाही. वाइन २२-२४ अंशांवर आणून ठेवा.

आता स्वयंपाकाच्या ओट्यावर या. एक स्टीलचं पातेलं उकळत्या पाण्याने धुऊन घ्या. त्यात पाव लिटर पाणी, ४३ अंशांवर. बोट बुडवून अंदाज घेऊ नका, थर्मामीटर लावा. साडेबारा ग्रॅम गो-फर्म घालून गुठळ्या मोडेपर्यंत हलवा. तेवढ्यात पाणी ४० वर येतं. मग ईसी-१११८ ची दोन पाकिटं, म्हणजे १० ग्रॅम, पृष्ठभागावर सारखी भुरभुरा आणि पाच मिनिटं हात लावू नका. दाणे पाणी पिऊन काळपट होतात आणि बुडायला लागतात. मग चमच्याने हलकेच ढवळा. पंधरा-वीस मिनिटांत पातेल्यावर फिकट, मऊ फेस चढतो आणि ताज्या पावाचा वास येतो. फेस आलाच नाही तर पाकीट जुनं आहे. पुढे जाऊ नका, नवं आणा.

दुसऱ्या भांड्यात अर्धा लिटर अडलेली वाइन, अर्धा लिटर पाणी आणि ३० ग्रॅम साखर मिसळा, तापमान २५-२७. हे मिश्रण यीस्टच्या पातेल्यात एकदम ओतू नका. आधी दोन डाव, पाच मिनिटांनी आणखी दोन, असं करत पातेल्याचं तापमान सावकाश खाली आणा. एका झटक्यात दहा अंशांहून जास्त फरक पडला तर नुकत्याच जाग्या झालेल्या यीस्टला धक्का बसतो आणि त्यातलं बरंच कामातून जातं. सगळं एकत्र झालं की मोठ्या बरणीत काढा, वर फडकं बांधा, उबदार जागी ठेवा.

आता घाई करायची नाही. हायड्रोमीटरने मोजत राहा. या मिश्रणातली साखर निम्म्यावर आली की दोन लिटर अडलेली वाइन घाला. पुन्हा निम्म्यावर आली की चार लिटर. मग पुन्हा चार. त्यानंतर राहिलेली सगळी. प्रत्येक टप्प्याला काही तास ते एक दिवस लागतो. दोन गोष्टी सांभाळा: बरणीतली साखर पूर्ण संपू देऊ नका, नाहीतर यीस्ट झोपतं, आणि जोर दिसल्याशिवाय पुढची वाइन घालू नका. तिसऱ्या टप्प्यावर "चाललंय की, ओतून टाकू सगळं" असं वाटायला लागतं, आणि तिथे केलेल्या घाईने पुन्हा अडलेले कारबॉय मी बघितले आहेत.

सगळी वाइन एकत्र झाल्यावर एअरलॉक लावा, २०-२४ अंशांवर ठेवा, दिवसातून एकदा तळ हलवा. १.०१५ वरून ०.९९५ ला यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. रोज ०.००१-०.००२ ने जरी आकडा खाली येत असेल तरी ते उत्तम आहे.

गोडच ठेवायची असेल तर

१९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सटर होम वायनरीत झिनफॅन्डेलच्या फिकट रसाचं फर्मेंटेशन असंच अडलं आणि गोडसर गुलाबी वाइन उरली. त्यांनी ती तशीच विकायला काढली, आणि व्हाइट झिनफॅन्डेल पुढे अमेरिकेतल्या सर्वांत खपणाऱ्या वाइन्सपैकी एक झाली. तेव्हा तुमची अडलेली वाइन चवीला चांगली लागत असेल, आंबटपणा आणि गोडी जुळत असेल, तर ती गोड ठेवणं हा खराखुरा पर्याय आहे. पाहुण्यांना पुरणपोळीनंतर किंवा तिखट सुक्या मटणाबरोबर ती कोरड्या लाल वाइनपेक्षा जास्त रुचते, असा माझा अनुभव आहे.

पण ती तशीच बाटलीत भरायची नाही. एप्रिलमध्ये ऊन तापलं की झोपलेलं यीस्ट जागं होतं. शॅम्पेनच्या जाड बाटलीत लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आंबवून सहा वातावरणांइतका दाब तयार करतात. तुमच्या वाइनमध्ये ४५ ग्रॅम आहे आणि बाटली साधी, पातळ काचेची आहे. ती फुटते आणि काच खोलीभर उडते. घरात लहान मुलं असतील तर हा धोका पत्करूच नका.

गोड ठेवायची तर वाइन थंडीत पूर्ण नितळ होऊ द्या, गाळावरून दोनदा उतरवा. मग लिटरमागे पाव ग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट आणि त्याच्या जोडीला केएमएस घाला. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही, म्हणून वाइन आधी नितळ हवी. आणि या वाइनमध्ये मॅलोलॅक्टिक फर्मेंटेशन (जीवाणूंनी मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करणं) झालेलं असेल किंवा चालू असेल तर सॉर्बेट वापरू नका. ते जीवाणू सॉर्बेटपासून जिरेनियमच्या चुरगळलेल्या पानांसारखा वास तयार करतात आणि तो कशानेही जात नाही. अशा वेळी वाइन फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन महिन्यांत संपवावी.

कोरडी झाली हे कशावरून ठरवायचं

पुन्हा सुरू केलेली वाइन ०.९९५ वर आली, आठवडाभर तिथेच राहिली, की बहुतेक जण निश्चिंत होतात. मी एक तपासणी आणखी करायला सांगतो. काही जण त्यासाठी मधुमेहाच्या रुग्णांसाठीच्या लघवी तपासायच्या पट्ट्या वापरतात. त्या इथे चालत नाहीत. त्या पट्ट्या फक्त ग्लुकोज ओळखतात आणि अडलेल्या वाइनमध्ये उरलेली साखर फ्रुक्टोज असते. पट्टी कोरडी सांगते आणि वाइनमध्ये लिटरमागे वीस ग्रॅम साखर लपलेली राहते. वाइनसाठीचा रिड्युसिंग शुगर तपासायचा संच मिळतो, तो दोन्ही साखरा मोजतो. नाहीतर नापा, सोनोमा, लोडाय या भागांतल्या वाइन प्रयोगशाळा छोट्या नमुन्यावर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्हींचा आकडा काढून देतात. नमुना देताना दोन्ही हवेत असं स्पष्ट सांगा.

एकूण साखर लिटरमागे २ ग्रॅमच्या खाली आली की वाइन कोरडी. मग गाळावरून उतरवा, केएमएस घाला, कारबॉय गळ्यापर्यंत भरून ठेवा. पुढच्या हंगामासाठी वहीत पहिल्या तीन दिवसांची पानं वेगळी राखून ठेवा: चोवीस तासांनंतरची साखर, सालींच्या मधलं तापमान, खाद्य कधी आणि किती दिलं. मला फोन कराल तेव्हा मी आधी तेच विचारणार आहे.